हर्षदाताईची भरती-सुकती

"लेडीजचं मधे कुठेतरी बसवून टाकू."

गळ्यात हेडफोन अडकवलेला एक माणूस पडद्यामागे दुसऱ्याला सांगत होता. त्याच्या लॅपटॉपवर वर्षभराचं कॅलेंडर उघडं होतं आणि त्यातले रंगीत चौकोन तो बोटाने इकडून तिकडे सरकवत होता. खारघरच्या त्या हॉलमध्ये पुरुषांच्या लीगची अंतिम फेरी चालू होती. आम्ही दोघी आमच्या संघाचे कागद द्यायला आलो होतो आणि वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये उभ्या राहून कोणी मोकळं होण्याची वाट बघत होतो. मी हर्षदाताईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिच्या हातात पेरूची फोड होती. पर्समधल्या चपट्या स्टीलच्या डबीतून तिने खडेमिठाचे दोन दाणे काढले, फोडीवर चोळले, अर्धी फोड मला दिली आणि म्हणाली, "बसवतील तिथं बसू. खा गो."

माझ्या नोकरीचा तो चौथा दिवस होता. नोकरी काय आहे हे घरी सांगताना मी अजून अडखळत होते. हर्षदा म्हात्रे ही पनवेलच्या एका क्लबच्या महिला संघाची कर्णधार. खेळ कम्प्युटरवरचा: पाच विरुद्ध पाच, एक नकाशा, बंदुका, आणि एक जागा जी ताब्यात घ्यायची किंवा राखायची. हा खेळ व्यवसाय म्हणून खेळणाऱ्या मुली कामोठ्यात राहतात, हे त्या नोकरीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मला स्वतःला खेळता येत नाही. माझं काम वाचण्याचं होतं. तो खेळ बनवणारी कंपनी दूर कुठल्याशा देशात आहे आणि दर काही आठवड्यांनी ती खेळात बदल करते. कुठली बंदूक किती जोरात लागते, पळण्याचा वेग किती, भिंत कुठे आहे आणि कुठे नाही, सगळं बदलतं. त्या बदलांची लांबलचक इंग्रजी यादी येते. ती वाचून संघाला मराठीत सांगायची, एवढ्यासाठी क्लबने मला घेतलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे मुलाखतीत कोणी विचारलं नव्हतं.

सरावाची जागा म्हणजे कामोठ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली ट्यूशन क्लास होता, त्यामुळे दुपारभर आमच्या पायाखालून मुलांचे आवाज यायचे. सूत्रं, व्याख्या, परत सूत्रं. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत खाडीकडची तिवरं दिसायची, आणि त्यांच्यावरून नव्या विमानतळाची विमानं इतकी खाली जायची की वाटावं, आता ती चिखलात पाय टेकवणार. पाच टेबलं, पाच पडदे, आणि पडद्यांवर एकच नकाशा पाच बाजूंनी. तिथे दुपारी बसलं की खरं गाव कुठलं आणि खोटं कुठलं, याचा मला थोडा वेळ विसर पडायचा. अजूनही तो फ्लॅट आठवताना मला आधी तो नकाशाच दिसतो. निळसर उजेड, पाण्यातलं एक बेट, त्यावर रिकामी घरं.

अपडेटच्या दिवशी सकाळी खेळ बंद व्हायचा. पडद्यावर एक पट्टी भरत जायची, अगदी हळू, आणि ती पूर्ण होईपर्यंत कोणाला काही करता यायचं नाही. संघातली सानिया मोबाईल काढायची, प्रियांका नखं रंगवायची. हर्षदाताई मात्र खुर्ची फिरवून माझ्यासमोर यायची, पाय वर घेऊन मांडी घालायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "वाच मॅडम."

मी वाचायचे. ती ऐकायची, एखाद्या बाईने पोथी ऐकावी तशी. मी एक बदल वाचून त्याचा अर्थ सांगितला की ती डोळे न उघडता एकच शब्द बोलायची: "भरली." किंवा "सुकली." पहिल्या दिवशी मला काही कळेना. मग सानियाने समजावलं की एखादी गोष्ट जोरदार झाली तर ती भरली, कमजोर झाली तर सुकली. भरती आणि सुकती. आमच्या इमारतीत भरतीच्या उलट ओहोटी असते. तिच्या गावात सुकती असते. मी वहीत प्रत्येक ओळीपुढे 'भ' किंवा 'सु' लिहू लागले. एकदा ती म्हणाली, "या महिन्यात भांग दिसतोय, निवांत खेला." मी वहीत 'भांग' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दिवसभर विचार करत बसले की केसांचा की प्यायचा. समुद्राचं पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, त्या दिवसांना तिच्याकडे भांग म्हणतात, हे समजल्यावर मी ते प्रश्नचिन्ह गुपचूप खोडलं. तिने ते बघितलं होतं. आठवडाभर ती मला "काय गो, भांग उतरली का?" असं विचारत होती.

यादीतल्या एका शब्दावर तिचा कधीच विश्वास नव्हता: 'किंचित'. अमुक बंदुकीचा झटका किंचित कमी केला आहे, असं वाचलं की तिचे डोळे उघडायचे. "किंचित म्हंजे केवरं?" मी सांगायचे, लिहिलेलं नाही. "जिथं किंचित लिवतात, तिथंच पाय रुततो," म्हणून ती उठायची. पट्टी भरून खेळ चालू झाला की एका कोऱ्या भिंतीसमोर आपलं माणूस उभं करायची आणि गोळ्या झाडत राहायची. झाडायची, भिंतीवरची छिद्रं बघायची, पुन्हा झाडायची. एकीकडे क्लासमधली मुलं सूत्र घोकायची आणि एकीकडे ही भिंत घोकायची. तास-दीड तासाने खुर्चीत मागे रेलून सांगायची, की झटका कमी झाला आहे, पण चौथ्या गोळीपासून डावीकडे सरकतो आहे. हे कंपनीने लिहिलेलं नसायचं. नंतर परदेशातल्या कोणीतरी व्हिडिओ करून तेच सांगितलं की प्रियांका ओरडायची, "ताई, बघ, तू बरोबर होतीस." ताईला त्याचं काही वाटायचं नाही. पाण्यात पाय घातल्यावर पाणी केवढं आहे ते कळतं, त्यात शाबासकी कसली, असा तिचा चेहरा असायचा.

तिचा हात, पडद्यासमोर नसला तरी, मांडीवर हळूहळू सरकत असायचा. डोळे उघडे, पण बघणं आत कुठेतरी. मी एकदा विचारलं, काय करतेस. म्हणाली, चालतेय. त्या बेटावर ती मनातल्या मनात चालत असायची. रिक्षात, डबा खाताना, आईशी फोनवर बोलतानासुद्धा.

खऱ्या रस्त्यांवर मात्र ती सगळ्यांना चुकवायची. विमानतळाला जागा गेल्यावर तिचं गाव तिथून उचलून दुसरीकडे आखलेल्या रस्त्यांवर मांडलेलं होतं, पण तिच्या बोलण्यात जुनं गाव तसंच होतं. रिक्षावाल्याला ती सांगायची, "वडापासून आत घे." वड नव्हता. "तलावाच्या मागं" म्हणायची, तिथे धावपट्टीचं कुंपण होतं. रिक्षावाले वैतागायचे. एकाने तर विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या साली उतरणार?" सगळ्यात जास्त हसली तीच.

आमच्या बेटावरच्या जागांनाही तिने तिच्या गावाचीच नावं दिली होती. कंपनीची नावं इंग्रजी, लांब. लढाईच्या घाईत तोंडात बसत नाहीत. म्हणून उथळ पाण्याचा चौकोन म्हणजे मिठागर, त्याच्या कडेचा उंचवटा म्हणजे बांध, आणि बांधाच्या टोकाला पत्र्याचं गोदाम म्हणजे कोठी, मीठ भरून ठेवतात ती. प्रियांका कामोठ्याची, तिचे आईवडील घाटावरचे. सानिया पनवेल गावातली. मिठागर दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. तरी त्या त्या नावांनी पळायच्या. दुसऱ्या संघातल्या मुलींनी आमचं बोलणं ऐकलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी एकदा इंग्रजी यादीत 'वेअरहाऊस' असा शब्द वाचला आणि आपोआप 'कोठी' असं सांगितलं, तेव्हा ताईने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं होतं. त्या घरात मला मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र ते.

तिच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. अपडेटला तिने कधी नावं ठेवली नाहीत, आणि याचा मला राग यायचा. महिलांची स्पर्धा आणि अपडेट यांचे काहीतरी लागेबांधे असावेत, असं माझ्या वहीतच दिसत होतं. स्पर्धेच्या आधी दोन दिवस, एक दिवस, एकदा तर त्याच सकाळी खेळ बदलला होता. महिनाभर जे हातात बसवलं ते एका पट्टीबरोबर वाहून जायचं. मुली चिडायच्या. ताई म्हणायची, "पान्याला शिव्या देऊन होरी नाय चालत." होडीला ती होरी म्हणायची. एवढं बोलून ती भिंतीसमोर जाऊन उभी राहायची. मी गप्प बसायचे, कारण मी नेहमीच गप्प बसते. पण माझं गप्प बसणं भीतीचं होतं आणि तिचं तसं नव्हतं. लहानपणापासून पाण्याच्या वेळा पाहून ज्या घरात चूल पेटली, त्या घरातली ती मुलगी होती. काही गोष्टींशी भांडायचं नसतं, त्यांच्या वेळा शिकायच्या असतात, हे ती दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त मानत होती.

मग आमच्या शेवटच्या हंगामाची गोष्ट. तो शेवटचा ठरू शकतो हे क्लबचे मॅनेजर देवेनसर आधीच सांगून गेले होते. गोड माणूस, वाईट बातमी सांगताना हिंदीत शिरायचे. म्हणाले, इस बार मेन राउंड तक पहुँचना पड़ेगा, नाहीतर क्लब महिला संघ बंद करणार. वरच्यांचं म्हणणं होतं की मुलींचे सामने लोक बघत नाहीत, बघतात ते म्हणतात खेळ कच्चा आहे. हर्षदाताईने विचारलं, किती दिवस आहेत. तीस होते. ती म्हणाली, पुरे आहेत.

तो महिना मला स्वप्नासारखा आठवतो. थंडीचे दिवस, चार वाजताच खिडकीतला उजेड पिवळा व्हायचा, आणि पाचही जणी बोलणं जवळजवळ विसरून गेल्या होत्या. मिठागर, बांध, कोठी. कोठी, बांध. एवढेच शब्द खोलीत फिरायचे. कोठीच्या पत्र्याआड कोणी केव्हा थांबायचं, तिच्या मागच्या दारातून कोणी निघायचं, हे इतकं घोटलं गेलं होतं की त्या डोळे मिटून खेळल्या असत्या. मला तर दुपारी घरी जाताना रस्त्यावरच्या गाळ्यांचे पत्रे बघूनही कोण कुठून येईल असं वाटायचं.

मेन राउंड ठरवणाऱ्या सामन्याच्या आदल्या सकाळी पट्टी आली.

मी यादी वाचायला घेतली. दुसऱ्याच पानावर होतं: पाण्याकाठचं गोदाम काढून टाकलं आहे, बेटाच्या दुसऱ्या अंगाला नवीन गोदाम उभारलं आहे. मी ते मनात वाचलं आणि थांबले. ताईचे डोळे मिटलेलेच होते. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. यावर 'भरली' किंवा 'सुकली' असं काही म्हणता येत नव्हतं. खाली क्लासमध्ये सर मुलांना दामटत होते. मग तिने डोळे उघडले आणि विचारलं, "बांध ठेवलाय ना?" बांध ठेवला होता.

दिवसभर त्यांनी जमेल तेवढं पुन्हा बसवलं. नव्या गोदामाला काय म्हणायचं, यावर दुपारी चर्चा झाली. प्रियांका म्हणाली, नवी कोठी म्हणू. सानिया म्हणाली, लांब होतं. ताई म्हणाली, कोठी ती कोठी. जुनी आता नाहीच, तर गोंधळ कसला. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं नाही. पण ते मला पाठ आहे.

सामना शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत गेला. मी मागे उभी होते. समोरचा संघ पाण्याच्या बाजूने आला, आमच्या दोघी आधीच पडल्या होत्या, आणि ताईने हेडफोनच्या माईकवर हाक दिली, "कोठीत घुसा."

सानिया जुन्या कोठीकडे पळाली. तिथे काही नव्हतं. पाण्याकाठचा उघडा माळ, त्यावर उन्हाचा रंग. ती त्या माळावर जाऊन अगदी बरोबर तिथे वाकली, जिथे काल सकाळपर्यंत पत्र्याची भिंत होती. प्रियांका बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या कोठीत पोचली, एकटी. ताई मधे बांधावर. तिघी तीन ठिकाणी, आणि पाच-सहा सेकंदांत सगळं संपलं.

मग सानिया म्हणाली, "ताई, खुदा कसम, मला कोठीच ऐकू आलं." प्रियांका म्हणाली, मलापण कोठीच ऐकू आलं. दोघींनी बरोबरच ऐकलं होतं. ताईने हेडफोन काढून हुकाला अडकवले, उठून मोरीत गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. परत आल्यावर देवेनसरांचा फोन होता. ती एवढंच म्हणाली, "कॉल माजा होता सर. चुकला." अपडेटचं नावही तिने घेतलं नाही.

त्या संध्याकाळी सामन्याखालच्या प्रतिक्रिया मी वाचल्या. वाचणं हेच माझं काम. रिकाम्या माळावर वाकून बसलेल्या सानियाचं चित्र कोणीतरी सामन्यातून कापून तिथे टाकलं होतं आणि हजारो लोक हसत होते. बायका काय खेळणार, भिंत कुठे आहे तेही कळत नाही. मी त्या ताईला दाखवल्या नाहीत. तिने त्या स्वतः वाचल्या होत्या, हे नंतर कळलं.

चार दिवसांनी ती म्हणाली, घरी चल जेवायला. नव्या गावातलं त्यांचं घर एकसारख्या प्लॉटांच्या रांगेत होतं. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं. वडील ओटीवर खुर्चीत बसले होते, नामदेवकाका. जुन्या गावात ते तीस वर्षं मिठागरावर होते, आणि त्यांचं काम एकच: बांधातली उघाडी सांभाळणं. उघाडी म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. भरती आली की ते उघडून पाणी आत घ्यायचं, हवं तेवढं झालं की पाडायचं. भिंतीवर तिथीचं कॅलेंडर होतं आणि काका अजूनही रोज सकाळी पेन्सिलीने त्यावर भरतीची वेळ लिहीत होते. तिथीला पाऊणने गुणायचं की वेळ निघते, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. आता ती वेळ कोणालाच लागत नव्हती.

ताईने त्याच कॅलेंडरवर वर्षभराच्या खुणा केल्या होत्या. मला ते माहीत नव्हतं. अपडेट आलं त्या दिवशी लाल गोल, महिलांची स्पर्धा निळा, पुरुषांची लीग काळा. तिला वाटत होतं की या पाण्याचीही काही तिथी असेल, सापडली तर पुढच्या वेळी आधी कळेल. तिने कॅलेंडर खाली काढून काकांच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "बाबा, याचा काय हिशोब लागतो का बघा."

काकांनी चष्मा लावला. पानं पुढे केली, मागे केली. लाल गोलाला चिकटून निळा, पुन्हा लाल, पुन्हा चिकटून निळा. काळे गोल मात्र नेहमी दूर, पुढच्या पंधरवड्यात, मोकळ्या जागेत. आम्ही दोघी खाली बसलो होतो. वरून विमान गेलं तेवढा वेळ सगळेच थांबलो.

"यो चंद्राचा धंदा नाय," काका म्हणाले. "भरती असती तं कदी तुमच्यावर आली असती, कदी त्यांच्यावर. ही दर येलेला तुमच्यावरच कशी येते? ही भरती नाय गो पोरी. ही उघाडी हाय. कुनाचा तरी हात हाय तिच्यावर."

ताई त्या पानांकडे बघत राहिली. मी तिचा चेहरा अनेकदा पाहिला होता, हरताना, जिंकताना, भिंतीसमोर. असा पाहिला नव्हता. मग ती म्हणाली, "आणि मी पानी समजून गप बसली."

घरी येऊन मी दोन्ही स्पर्धांच्या नियमांची पुस्तकं उघडली. हे मी दोन वर्षांत केलं नव्हतं. मला फक्त बदलांच्या याद्या वाचायला सांगितलं होतं आणि मी सांगितलेलंच वाचणारी मुलगी आहे. पुरुषांच्या लीगच्या पुस्तकात साध्या भाषेत लिहिलं होतं की नवीन अपडेटनंतर पंधरा दिवस झाल्याशिवाय सामना होणार नाही. महिलांच्या पुस्तकात त्या जागी एकच ओळ होती: सामने त्या दिवशी जो खेळ चालू असेल त्यावर होतील. त्यामागे कोणाचा दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. पुरुषांच्या तारखा आधी ठरायच्या, त्यांच्याभोवती पंधरा-पंधरा दिवसांचं मोकळं मैदान राखलं जायचं, आणि त्या मैदानात, अपडेटच्या उंबऱ्यावर, आम्हाला बसवलं जायचं. प्रतिस्पर्धी मुलींनाही एकच दिवस मिळाला होता; त्यांच्या-आमच्यात न्याय-अन्यायाचा प्रश्नच नव्हता. पण लोक पुरुषांना पंधरा दिवस घोटलेल्या खेळात बघायचे आणि आम्हाला काल बदललेल्या खेळात. आणि मग ठरवायचे की कोणाचा खेळ कच्चा.

मी हे सगळं ताईला वाचून दाखवलं. डोळे मिटूनच तिने ऐकलं.

संघ बंद झाला. देवेनसर मिठाई घेऊन आले होते, ती कोणी उघडली नाही. सानिया तिच्या मामूंच्या दुकानात बसू लागली, प्रियांकाने कॉलेज पुन्हा सुरू केलं. ताई आता उरणच्या बाजूला बंदरातल्या एका कंपनीत कंटेनरच्या याद्या तपासते. तिथेही ती म्हणे सगळ्यांना न विचारता वेळा सांगते, कुठलं जहाज केव्हा लागेल त्या. मी दुसऱ्या एका संघासाठी वाचते. तिला परत खेळताना मी पाहिलेलं नाही.

पण एक बैठक राहिली होती. हंगाम संपला की आयोजक सगळ्या संघांच्या कर्णधारांना ऑनलाईन बोलावतात, पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवण्यासाठी. आमचा संघ पुढच्या वर्षी नव्हता, पण यादीत तिचं नाव अजून होतं. मला वाटलं ती जाणार नाही. तिचा फोन आला की फ्लॅटवर ये.

फ्लॅट निम्मा रिकामा झालेला. चार टेबलं गेली होती, भिंतीवर त्यांच्या मापाचे पांढरे चौकोन उरले होते. दुपारचे चार. जमिनीवर उन्हाची लांब पट्टी आणि खालून क्लासचा तोच आवाज. उरलेल्या एका टेबलाशी आम्ही दोघी बसलो. आजवर अशा प्रत्येक बैठकीत ती ऐकायची आणि काही विचारायचं असलं तर मला सांगायची. मी ते इंग्रजीत टाईप करून पाठवायचे. तिला लाज वाटायची नाही, पण तिथे सगळे इंग्रजीत आणि हिंदीत बोलायचे, आणि तिच्या बोलण्यावर एकदा कोणीतरी हसलं होतं, एवढं मला माहीत होतं. मी आदल्या दिवशीच एक संदेश लिहून ठेवला होता. सभ्य, मुद्देसूद, चार वाक्यांचा. तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, याचं पहिलं वाक्य म्हणजे काय. मी सांगितलं, कृपया विचार व्हावा. ती म्हणाली, "छान लिवलंस." आणि तिने माझा हात कीबोर्डवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला, हलकेच, झोपलेल्या लेकराचा ठेवावा तसा.

पडद्यावर बावीस चौकोन होते. आयोजकाने तारखा दाखवल्या, आधी पुरुषांच्या, नंतर महिलांच्या. कोणाला काही म्हणायचं आहे का, असं त्याने इंग्रजीत विचारलं आणि आवरायला लागला. ताईने पुढे वाकून माईकचं बटण स्वतः दाबलं. बावीस चौकोनांत तिच्या चौकोनाभोवती हिरवी रेघ उजळली, कारण श्वास ऐकू जात होता. आयोजक थांबला. म्हणाला, येस, हर्षदा?

तिने खुर्चीतली मांडी सोडली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. डोळे उघडे होते. आणि ना इंग्रजीत ना हिंदीत, ओटीवर बसून काकांशी बोलते त्याच बोलीत, सावकाश, एकेक शब्द पोचेल असं ती म्हणाली:

"मुलांना अपडेटनंतर पंदरा दिस मिलतात. आमाला पन पंदरा दिस पायजेत. मी पुढच्या वर्साला नसनार, पन ज्या येतील त्यांना पायजेत. हे आताच लिवून घ्या, मी थांबते."